आमची मूषकशाला

गोशाला, पाकशाला, धर्मशाला या शब्दांशीं वाचकांचा परिचय आहे. मूषकशाला हा शब्द मात्र त्यांच्या कानांवरून गेला नसेल. कारण तो आम्हींच गेल्या दोन वर्षांत आमच्या सोयीसाठीं बनविला आहे. पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिरंगूट मागें पडलें कीं कासार आंबोली लागते. तेथें आमच्या वडिलांनीं घेतलेला जमिनीचा एक तुकडा, त्यावर दोन खोल्यांचें कौलारू घर व घराला लागून एक गोठा आहे. गोठ्यांतील शेवटची गाय गेल्याला बरींच वर्षें झालीं. त्या रिकाम्या जागेंत आतां आम्ही उंदीर पाळतों. हौसेखातर पाळतों असें सांगतां आलें असतें तर पुष्कळ प्रश्न मिटले असते. पण खरी गोष्ट अशी आहे कीं, आम्ही ते दुसऱ्या प्राण्यांच्या भक्ष्यासाठीं पाळतों.

इंग्रजीचा प्राध्यापक पंचावन्नाव्या वर्षीं हा उद्योग कां आरंभितो, असें कोणीही विचारील. आमच्या महाविद्यालयांतील मंडळींनीं तें विचारलेंच. आणि एकानें आमच्या समोर व इतरांनीं आमच्या पाठीमागें त्याचें उत्तरही देऊन टाकलें. वास्तविक कारण अगदीं साधें आहे. आमची एक पुतणी पशुवैद्य आहे. जखमी वन्य प्राण्यांवर उपचार करून त्यांस पुन्हां रानांत सोडणाऱ्या एका केंद्रांत ती काम करते. पतंगाच्या मांज्यानें पंख कापलेलीं घुबडें, जाळ्यांत गुरफटलेल्या धामणी, विहिरींत पडलेलीं उदमांजरें हे तिचे रोगी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें असे प्राणी कोणास घरीं ठेवतां येत नाहींत. वनखात्याच्या परवानगीनें चालणाऱ्या केंद्रांतच त्यांची सोय होते. दोन वर्षांपूर्वींच्या दिवाळींत ती आमच्याकडे आली, आणि फराळाची बशी हातांत घेऊनच गोठ्यांत डोकावून म्हणाली, “काका, ही जागा रिकामीच आहे ना?” तिला सामान ठेवावयाचें असेल असें समजून आम्हीं होकार दिला. शिक्षकी पेशांत जन्म घालवूनही समोरच्याचा प्रश्न पुरता ऐकून घेण्यास आम्ही शिकलों नाहीं.

तिचें म्हणणें असें. गव्हाणी घुबडास कोंबडीच्या मांसाचे तुकडे घालून कांहीं दिवस भागतें. फार दिवस भागत नाहीं. रानांत तें उंदीर सबंध गिळतें. मांसाबरोबर हाडें, काळीज, केंस सर्व त्याच्या पोटांत जातें. हाडांतून त्यास कॅल्शियम मिळतें, आणि जें पचत नाहीं त्याची गोळी बनवून तें कांहीं तासांनीं तोंडावाटे टाकून देतें. नुसत्या मांसावर वाढविलेल्या पिलाचीं हाडें मऊ राहून वांकतात. “मग शेतांत उंदीर काय थोडे आहेत?” असें आम्हीं विचारलें. मुळशीच्या आंबेमोहराच्या खाचरांत उंदरांचा तुटवडा आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु शेतांतील उंदीर विष खाल्लेला असूं शकतो. हल्लींचीं पुष्कळ विषें सावकाश काम करणारीं असतात. उंदीर तें खाऊन चार दिवस हिंडतो, अंगांतल्या अंगांत रक्त वाहून मंद होतो, आणि असा मंद झालेला उंदीरच घुबडास सहज सांपडतो. मग तें विष घुबडाच्या अंगांत उतरतें. पोटांतले जंत आणि अंगावरच्या पिसवा या निराळ्याच. तेव्हां स्वच्छ धान्यावर वाढलेले, निर्विष, ज्यांची जन्मतारीख ठाऊक आहे असे उंदीर हवेत. त्यांना जागा हवी. आणि ती जागा आमची होती.

येथें भाषेची एक अडचण सांगितली पाहिजे. इंग्रजींत रॅट आणि माऊस हे दोन निरनिराळे प्राणी आहेत. मराठींत मोठा तोही उंदीर आणि लहान तोही उंदीर. आम्ही पाळणार होतों तो पंचवीस-तीस ग्रॅम वजनाचा, पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा प्राणी. आमच्या सौभाग्यवतींच्या डोळ्यांपुढें मात्र ‘उंदीर’ म्हणतांच माळ्यावरचा, डाळीच्या डब्यांचीं झांकणें कुरतडणारा राखी राक्षस उभा राहिला. यांत त्यांचा दोष नाहीं. पुण्याच्या जुन्या घरांत उंदराची भीति वंशपरंपरेनें येते. १८९७ च्या प्लेगच्या गोष्टी आमच्या आजीनें तिच्या सासूकडून ऐकल्या होत्या व आम्हीं त्या आजीकडून ऐकल्या. घरांत उंदीर पडला कीं चूल मोडून गांवाबाहेर झोंपडींत राहावयास जावयाचें. त्याच वर्षाच्या जानेवारींत मुंबईस हाफकिन यांनीं प्लेगची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. परळच्या ज्या संस्थेस १९२५ पासून त्यांचें नांव आहे, तेथें पुढें सर्पदंशावरील प्रतिविष तयार होऊं लागलें. असल्या प्रतिविषाची शक्ति मोजली जाते ती पांढऱ्या उंदरांवरच. खुद्द पुण्यांत १९५२ सालीं विषाणुसंशोधन केंद्र निघालें. आज त्यास राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणतात. रोग्याचें रक्त उंदराच्या नवजात पिलांस टोंचून विषाणु ओळखण्याची तेथें रीत होती. १९५७ सालीं शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूरच्या जंगलांत माकडें व माणसें एकाच तापानें मरूं लागलीं, तेव्हां त्या तापाचा विषाणु या पुण्याच्या केंद्रानेंच शोधून काढला. म्हणजे पुण्यांत पांढऱ्या उंदरांच्या पिढ्यान् पिढ्या नांदून गेल्या आहेत, आम्ही कांहीं नवें करीत नाहीं, असें आम्हीं घरीं समजावून सांगितलें. सौभाग्यवतींनीं तें सर्व शांतपणें ऐकून विचारलें, “अहो, ती माणसं रोग शोधत होती. तुम्ही काय शोधणार आहात?”

आम्हांस धीर दिला तो एका परदेशी शिक्षिकेनें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत ग्रॅन्बी म्हणून एक गांव आहे. तेथें ॲबी लेथ्रॉप नांवाच्या बाई राहत. शाळेंत शिकविण्याचें काम सोडून त्यांनीं कोंबड्या पाळल्या. तो धंदा बुडाला. मग १९०० च्या सुमारास हौशी लोकांना विकण्यासाठीं त्यांनीं उंदीर पाळले. हौशी गिऱ्हाइकें थोडीं आलीं. हार्वर्डचे प्राध्यापक मात्र त्यांच्या दारीं येऊं लागले, आणि बाईंच्या घरीं हजारों उंदीर नांदूं लागले. बाई १९१८ सालीं वारल्या. त्यांच्याकडील सत्तावन्न क्रमांकाच्या मादीपासून क्लॅरन्स लिटल यांनीं १९२१ सालीं काळ्या उंदरांची एक जात तयार केली. उंदराचा जनुकसंच २००२ सालीं प्रथम वाचण्यांत आला तो याच जातीच्या उंदराचा. शिक्षकास शाळा सोडल्यावर एवढें यश मिळतें हें वाचून कोणास उत्साह वाटणार नाहीं?

आरंभ दोन नर व सहा माद्या यांनीं झाला. शहरांतील एका विक्रेत्यानें सहाही माद्या असल्याची ग्वाही दिली होती. त्यांतील एक पुढें नर निघाली, आणि हें आम्हांस कळण्यापूर्वीं दुसऱ्या नरास तें कळलें. त्या मारामारींत एकाचा कान गेला. उंदराची मादी एकोणीस ते एकवीस दिवसांत विते. एका वेतास सहा ते बारा पिलें होतात. विल्यापासून चोवीस तासांच्या आंत ती पुन्हां गाभण राहूं शकते. पिलें तीन आठवड्यांत दूध सोडतात आणि दुसऱ्या महिन्यांत स्वतः वयांत येतात. एवढी माहिती घेऊन आम्ही एका रात्रीं कागद-पेन्सिल घेऊन बसलों, व वर्षअखेर गोठ्यांत किती हजार उंदीर होतील याचा हिशेब केला. तो येथें देत नाहीं. त्यांतील एकही आंकडा खरा ठरला नाहीं.

पहिलें वेत आम्हींच घालविलें. पिलें झालीं हें कळतांच आम्ही तासातासाला झांकण उचलून, बॅटरीच्या उजेडांत तीं मोजूं लागलों. परीक्षेच्या दालनांत फेऱ्या मारण्याची संवय अशी सुटत नाहीं. संध्याकाळीं आठ होतीं, रात्रीं सहा, आणि सकाळीं एकही नव्हतें. घाबरलेली आई आपलीं पिलें खाऊन टाकते, ही गोष्ट पुतणीनें आधीं सांगितली होती. आम्ही ती विसरलों होतों. दुसरें वेत लाल मुंग्यांनीं नेलें. त्यावरचा उपाय कोणत्याही ग्रंथांत न सांपडतां आमच्या स्वयंपाकघरांत सांपडला: दुधाचें पातेलें ठेवतात तसे मांडणीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. हा उपाय सौभाग्यवतींनीं सुचविला. वाट्याही त्यांनींच दिल्या, आणि “या पुन्हा घरात आणायच्या नाहीत” असें बजावलें.

तिसरी चूक अधिक विद्वत्तेची होती. एका नराचें आम्हांस समाधान वाटेना, म्हणून त्यास काढून त्याच्या जागीं दुसरा सोडला. तीन आठवडे वाट पाहिली. एकही मादी व्याली नाहीं. नुकत्याच गाभण राहिलेल्या मादीस अनोळखी नराचा नुसता वास आला तरी तिचा गर्भ राहत नाहीं, हें लंडनमध्यें हिल्डा ब्रूस यांनीं १९५९ सालींच दाखवून दिलें आहे. आम्ही मात्र तें स्वखर्चानें शिकलों. मग उन्हाळा आला. कौलांखालीं पारा पस्तिसाच्या वर गेला, नर सुस्तावले, वेतें थांबलीं. ओलीं पोतीं लावून कशीबशी निभावणी केली. पावसाळ्यांत उलट प्रकार. अंथरायला भाताचें तूस या गांवांत हवें तेवढें मिळतें. पण मुळशीच्या पावसांत तें ओलसर होऊन त्यास बुरशी येते. तेव्हां तें आधीं वाळवून, तापवून, पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवावें लागतें. आठवड्यांतून दोनदां तूस बदललें नाहीं तर मुताच्या उग्र वायूनें उंदरांचीं नाकें व फुप्फुसें बिघडतात. बदलतांना घरट्याची जुनी मूठभर कापूस-कागदाची गादी मात्र परत ठेवावयाची, नाहींतर आईस आपलें घर ओळखूं येत नाहीं. लांकडी पेट्या पहिल्या महिन्यांतच कुरतडून झाल्या होत्या. आतां जाळीच्या झांकणाचीं प्लास्टिकचीं टोपलीं आहेत. बाजरी, गहू, थोडे भिजविलेले हरभरे हा त्यांचा आहार. एक उंदीर दिवसास चार-पांच ग्रॅम खातो. इतकें सर्व जमावयास आम्हांस आठ महिने लागले.

आणि तरीही हिशेब जुळेना. सहा माद्यांपासून महिन्याकाठीं चाळीस-बेचाळीस पिलें हातीं लागत. केंद्रांतील एकटें घुबड रात्रीस तीन उंदीर खाई, म्हणजे महिन्यास नव्वद. माद्या सोळा केल्या तेव्हां कोठें तोंडमिळवणी झाली.

गोठ्याची झाडलोट, तूस वाळविणें, पाण्याच्या बाटल्या भरणें हीं कामें मामा करीत. मामा हे गांवांतलेच शेतकरी; आमच्या बागेचें कामही तेच पाहतात. गळ्यांत तुळशीची माळ आहे, पण खाचरांतल्या उंदरांसाठीं सांपळे लावण्यांत त्यांचा हात धरणारा नाहीं. उंदीर पाळण्याची कल्पना त्यांना प्रथम अतिशय विनोदी वाटली. पुढें त्यांनींच त्यांत इतकें लक्ष घातलें कीं, कोणती मादी आज-उद्यां विणार हें ते आमच्या वहीपेक्षां अचूक सांगत. तयार झालेले उंदीर डब्यांत घालून ते केंद्रावर पोंचवीत. तेथें पुतणी तिचें काम करी. जिवंत उंदीर सापाच्या पिंजऱ्यांत सोडावयाचा नाहीं हा तिचा दंडक. कोंडलेला उंदीर सापासही चावतो. शिवाय ज्याला पळण्यास वाट नाहीं त्यास भीतीनें मारूं नये. बंद डब्यांत कार्बन डायऑक्साइड वायु हळूहळू सोडला म्हणजे मोठा उंदीर थोड्याच वेळांत निपचित पडतो. नुकतीं जन्मलेलीं पिलें त्या वायूस फार वेळ दाद देत नाहींत, म्हणून तीं आम्ही देत नाहीं. हें सारें आम्हांस ठाऊक होतें. ठाऊक असणें व पाहणें यांतलें अंतर चार किलोमीटर होतें, आणि तें मामा रोज सायकलवरून तोडीत.

गेल्या आषाढांत पुतणीस दहा दिवस परगांवीं जावें लागलें. केंद्रावर माणसें थोडीं. तिनें वायूची नळकांडी व डबा आमच्याकडे आणून दिला, पद्धत दोनदां दाखविली आणि ती गेली. आम्ही मामांस म्हटलें, “मामा, आता हे तुम्हीच करा.” मामा डब्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “शेतातला मारतो, सर, तो आपलं खातो म्हणून. ह्यास्नी आपणच खायला घातलं. हातानं दाणा घालून हातानं मारायचं आपल्याच्यानं नाही व्हायचं.” त्यांचा स्वर नेहमींचाच होता. ते तूस पसरावयास निघून गेले.

नांगराखालीं घर मोडलेल्या उंदरावर बर्न्सनें १७८५ सालीं लिहिलेली कविता आम्हीं वर्गांत सत्तावीस वर्षें शिकविली. ती शिकवितांना आमचा कंठ दाटून येई, हें आमचे विद्यार्थीही जाणून होते. त्या संध्याकाळीं आमच्या ध्यानांत आलें कीं, नऊ महिने मारण्याचें काम आम्ही एका मुलीच्या हातांनीं करवीत होतों, आणि ती नाहीं म्हणून तें दुसऱ्याच्या हातीं देऊं पाहत होतों. स्वतःकडे फक्त वही ठेवली होती. केंद्रावर घुबड उपाशी होतें. आम्हीं वहींत पाहून तीन उंदीर काढले. नळीची चावी हळू फिरवावयाची असते. हात कांपत असल्यामुळें ती पहिल्यांदां जास्त फिरली, मग कमी केली. डबा पारदर्शक आहे. तो तसा मुद्दाम असतो, म्हणजे मान फिरवितां येत नाहीं. एका उंदरानें मागील पायांवर उभे राहून नाक वर केलें, मग बसला. पुतणीनें सांगितल्याप्रमाणें ते पडल्यावरही आम्ही घड्याळ लावून थांबलों. त्या रात्रीं आम्हीं जेवण घेतलें नाहीं. दुसऱ्या रात्रीं घेतलें. ही दुसरी गोष्ट लिहिण्यास अधिक जड जाते. पुतणी परत आल्यावर तें काम आम्हीं तिला परत केलें नाहीं.

घुबड एकसष्ट रात्रींनंतर सोडलें. वहीप्रमाणें त्याच्या खातीं एकशें त्र्यायशीं उंदीर पडले होते. पुतणीनें पेटीचें दार उघडलें, तें क्षणभर कांठावर बसलें आणि मग भाताच्या खाचरांवरून मुळींच आवाज न करतां निघून गेलें. मामा म्हणाले, “आता आमच्या शेतातले खाईल.”

नांवें ठेवावयाचीं नाहींत, क्रमांक द्यावयाचे, हा आमचा नियम होता, आणि तो सर्वांनीं पाळला. तरी नऊ क्रमांकाची मादी सर्वांच्या ओळखीची झाली. तिच्या सात वेतांचीं बावन्न पिलें जगलीं; झांकण उघडलें कीं ती पळून न जातां जाळीशीं येई. नऊ महिन्यांची झाल्यावर ती विईनाशी झाली. नियमाप्रमाणें अशी मादी केंद्रावर जावयाची. त्या दिवशीं यादी करतांना आम्हीं तिचा क्रमांक गाळला. सौभाग्यवती, ज्या गोठ्याच्या उंबऱ्याच्या आंत पाऊल टाकीत नसत, त्यांनीं दुसऱ्या दिवशीं भाकरीचा तुकडा मामांच्या हातीं देऊन “नऊ नंबरला” म्हणून सांगितलें, यावरून आमची यादी घरांत वाचली जाते हें कळलें. वहींत आम्हीं तिच्यापुढें ‘निवृत्त’ असा शेरा लिहिला. इतर पंधरा माद्यांनीं काय अपराध केला होता याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. कोणी विचारलें नाहीं इतकेंच.

ती वीस महिन्यांची झाली तेव्हां तिच्या कुशींत गांठ दिसली. उतारवयाच्या माद्यांना अशा गांठी पुष्कळदां होतात. लेथ्रॉपबाईंनींही आपल्या उंदरांच्या अंगावर त्या पाहिल्या आणि लिओ लोब या शास्त्रज्ञाबरोबर त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आमची गांठ कोणाच्या अभ्यासास लागणारी नव्हती. आम्हीं पंधरा दिवस वाट पाहिली. ती वाढून सुपारीएवढी झाली, चालतांना ती एका बाजूस कलूं लागली, आणि भाकरीचा तुकडा तसाच पडून राहूं लागला. नऊ महिन्यांची असतांना तिला दोन मिनिटांत जें मिळालें असतें, तें आम्हीं अकरा महिने पुढें ढकलून तिला हें दिलें होतें. पुतणी येऊन पाहून गेली. तिनें डबा मागितला नाहीं. तो आमच्याकडेच होता.

गांठ असलेला उंदीर कोणत्याही प्राण्यास घालीत नाहींत. मामांनीं शेवग्याखालीं लहानसा खड्डा खणला. आम्ही वही उघडून बसलों. शेवटच्या रकान्याचें शीर्षक ‘कोणास दिला’ असें आहे. त्याखालीं ‘घुबड’, ‘धामण’, ‘घुबड’, ‘घुबड’ अशी ओळ खालपर्यंत गेलेली. तेथें काय लिहावें तें सुचेना, म्हणून आम्ही बराच वेळ पेन उघडें धरून होतों. इतक्यांत गोठ्यांतून मामांची हांक आली, “सर, चार नंबरात पिलं झाली. झाकण उघडू नका.”